मेमरीचा वेग वाढविला आणि संगणक सुरू होईना

एम्ब्रॉयडरीचे डिझाइन पंच करणारा कारागीर असो, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स छापणारा छापखानेवाला असो, शादीचे व्हिडिओ एडिट करणारा स्टुडिओवाला असो की कापडाचा हिशेब ठेवणारा मालेगाव-भिवंडीकडचा व्यापारी असो, या सर्वांची रोजी आज थोड्याफार प्रमाणात संगणकावर अवलंबून आहे. लग्नसराईत किंवा रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत संगणक एक दिवस जरी बंद पडला तरी ऑर्डर अडकतात, गिऱ्हाईक परत जाते आणि कारागिरांना रिकामे बसून मजुरी द्यावी लागते.

याच घाईच्या दिवसांत काम लवकर उरकावे म्हणून घरातील एखादा हौशी मुलगा किंवा ओळखीचा मेकॅनिक संगणकाच्या मेमरीचा वेग वाढवून देतो. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. सेटिंग बदलून संगणक पुन्हा चालू केला की कधीकधी पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळाच राहतो. दुरुस्तीच्या दुकानात नेले की "मदरबोर्ड गेला" किंवा "रॅम उडाली" असे सांगितले जाते आणि काही हजारांचा खर्च पुढे येतो. वास्तविक अशा बहुतेक प्रसंगी कोणताही भाग जळालेला नसतो. चुकीचे सेटिंग मदरबोर्डाने लक्षात ठेवलेले असते आणि ते पुसले की संगणक पूर्ववत सुरू होतो. हे सेटिंग कसे पुसावे, पुसण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी आणि संगणक सुरू झाल्यावर आपला हिशेब शाबूत आहे याची खात्री कशी करावी, हे या लेखात क्रमाने पाहू. हा लेख डेस्कटॉप संगणकापुरता आहे. लॅपटॉपमध्ये मेमरीचा वेग वाढविण्याची सोय सहसा नसते.

मेमरीचा वेग म्हणजे काय?

प्रोसेसर ज्या माहितीवर काम करतो ती माहिती तो मेमरीतून उचलतो आणि मेमरीतच परत ठेवतो. ही देवाणघेवाण एका ठरावीक तालावर चालते. डीडीआर प्रकारच्या मेमरीत तालाच्या प्रत्येक ठोक्याला दोन वेळा माहिती जाते. म्हणून ज्या मेमरीवर ३२०० असे लिहिलेले असते तिचा खरा ताल १६०० मेगाहर्ट्झ असतो. सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्राममध्ये हा आकडा निम्मा दिसतो, तेव्हा दुकानदाराने फसविले असे समजून भांडण करू नये.

मेमरीचे मान्य वेग जेडेक ही संस्था ठरविते. डीडीआर-४ चे प्रमाण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वेग १६०० पासून ३२०० पर्यंत आणि विजेचा दाब १.२ व्होल्ट आहे. २०२० मध्ये डीडीआर-५ चे प्रमाण आले. त्या प्रकारची मेमरी बाजारात प्रामुख्याने ४८०० या वेगापासून आली आणि तिचा दाब १.१ व्होल्ट आहे. या मर्यादेत मेमरी चालली तर ती सरळ चालते. ३६०० लिहिलेली डीडीआर-४ किंवा ६००० लिहिलेली डीडीआर-५ विकत घेतली तर तो वेग आपोआप मिळत नाही. कारखान्यात त्या मेमरीच्या पट्टीवरील एका छोट्या चिपमध्ये जास्त वेगाचे तयार सेटिंग भरून ठेवलेले असते. ते बायोसमध्ये जाऊन आपण चालू करावे लागते. इंटेलने २००७ साली आणलेल्या अशा तयार सेटिंगला एक्सएमपी म्हणतात, तर एएमडीने २०२२ मध्ये डीडीआर-५ साठी आणलेल्या सेटिंगला एक्सपो म्हणतात. हे चालू केले की डीडीआर-४ चा दाब साधारणपणे १.३५ व्होल्टपर्यंत जातो.

अनेकांना वाटते की पाकिटावरच लिहिलेला वेग म्हणजे कंपनीची हमी. मेमरी त्या वेगाला तपासलेली असते हे खरे, पण आपला प्रोसेसर आणि आपला मदरबोर्ड त्या वेगाला चालेलच असे त्यात कोठे म्हटलेले नसते. इंटेल आणि एएमडी दोघेही आपल्या प्रोसेसरच्या मान्य मर्यादेपलीकडे मेमरी चालविणे हे ओव्हरक्लॉकिंगच समजतात आणि त्यातून झालेले नुकसान वॉरंटीत धरत नाहीत.

संगणक का अडतो?

बटण दाबल्यावर विंडोज सुरू होण्यापूर्वी मदरबोर्ड स्वतःची तपासणी करतो. त्यात मेमरीची चाचणी अगदी सुरुवातीला होते. प्रत्येक पट्टीशी कोणत्या क्षणी बोलायचे, सिग्नल किती जोराचा ठेवायचा, याची जुळणी मदरबोर्ड करून पाहतो. सेटिंग झेपणारे नसेल तर ही जुळणी होत नाही आणि तपासणी तेथेच थांबते. पडद्यावर चित्र येण्याची पाळी त्यानंतरची असल्यामुळे आपल्याला काहीच दिसत नाही. बायोसमध्ये जाऊन चूक दुरुस्त करावी म्हटले तर बायोसचा पडदाही उघडत नाही.

बंद करून पुन्हा चालू केले तरी तेच होते, कारण सेटिंग मदरबोर्डवर साठविलेले असते. ही पद्धत जुनी आहे. आयबीएमने १९८४ मध्ये पीसी-एटी हा संगणक आणला तेव्हा घड्याळ आणि सेटिंग यांसाठी बॅटरीवर चालणारी एक छोटी चिप त्यात बसविली. त्या प्रकारच्या चिपवरून सीएमओएस हे नाव पडले आणि ते आजही टिकून आहे. आजच्या मदरबोर्डवर दिसणारा गोल चपटा सेल, सीआर २०३२, ३ व्होल्टचा, हाच तो आधार होय.

आधी थोडा धीर धरावा

पडदा काळा दिसताच बटण पुन्हापुन्हा दाबणे ही पहिली चूक. वेग बदलल्यानंतर मदरबोर्ड मेमरीची जुळणी नव्याने करतो आणि त्याला वेळ लागतो. डीडीआर-४ मध्ये हे काम लवकर आटोपते. डीडीआर-५ मध्ये, विशेषतः एएमडीच्या रायझन ७००० मालिकेपासूनच्या संगणकांत आणि मेमरी जास्त असेल तेव्हा, यास काही मिनिटे लागू शकतात. तोपर्यंत पडदा काळाच असतो. म्हणून पहिल्या वेळी दहा-पंधरा मिनिटे संगणकाला हात लावू नये. या काळात तो स्वतःच एक-दोनदा बंद होऊन चालू झाला तरी घाबरू नये. बरेच मदरबोर्ड काही प्रयत्न फसल्यावर आपोआप साध्या वेगावर परत येतात आणि "ओव्हरक्लॉकिंग अयशस्वी" अशा अर्थाचा संदेश दाखवितात. असा संदेश आला तर बायोसमध्ये जाऊन मूळ सेटिंग परत आणावे. काम तेथेच संपते.

दिव्यांची आणि आवाजांची भाषा

पंधरा मिनिटांनंतरही काही झाले नाही तर कॅबिनेटची बाजू उघडून मदरबोर्डवरचे दिवे पाहावेत. हल्लीच्या बऱ्याच मदरबोर्डांवर चार छोटे दिवे असतात आणि त्यांच्याजवळ प्रोसेसर, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी नावे लिहिलेली असतात. जो दिवा जळत राहतो तेथे तपासणी अडली आहे असे समजावे. डीरॅमचा दिवा लागून राहिला तर दोष मेमरीच्या सेटिंगमध्ये किंवा मेमरीत आहे. व्हीजीएचा दिवा लागला तर ग्राफिक कार्ड आणि त्याची वायर तपासावी. बूटचा दिवा लागला तर मेमरीची तपासणी पार पडली असून अडचण हार्डडिस्क किंवा एसएसडीकडे आहे.

दिवे नसतील आणि छोटा स्पीकर जोडलेला असेल तर बीप ऐकावेत. वारंवार येणारे लांब बीप हे पुष्कळदा मेमरीचे लक्षण असते, पण प्रत्येक बायोसची खूण वेगळी असल्यामुळे मदरबोर्डचे पुस्तक पाहून अर्थ लावावा. पंखेच फिरत नसतील तर मात्र हा प्रश्न मेमरीच्या वेगाचा नसून वीजपुरवठ्याचा असण्याची शक्यता अधिक आहे. तेव्हा आधी एसएमपीएस, स्विच आणि वायर पाहावी.

सेटिंग पुसण्यापूर्वी तीन गोष्टी

सेटिंग पुसले की मेमरीच्या वेगाबरोबर बाकीची सेटिंगही जातात. म्हणून तीन गोष्टींचा विचार आधी करावा.

एक, बिटलॉकर. विंडोजमध्ये डिस्क कुलूपबंद केलेली असेल तर सेटिंग पुसल्यानंतर विंडोज ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागू शकते. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला असेल तर हे कुलूप मालकाच्या नकळतही लागलेले असते. ही की सामान्यतः त्या खात्यात साठविलेली असते. दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून ती आधी शोधून कागदावर लिहून घ्यावी. की नसेल तर आतील माहिती हाती लागत नाही.

दोन, डिस्कची पद्धत. काही संगणकांत डिस्क रेड पद्धतीने जोडलेल्या असतात. सेटिंग पुसल्यावर ही पद्धत बदलली तर विंडोज सुरू होत नाही. पूर्वी काय होते ते ठाऊक असेल तर बायोसमध्ये तेच पुन्हा ठेवावे. विंडोज नव्याने टाकण्याची घाई करू नये.

तीन, तारीख. घड्याळ मागे जाते. तारीख चुकीची राहिली तर बँकेची आणि जीएसटीची संकेतस्थळे उघडताना अडचण येते आणि बिलांवर चुकीच्या तारखा पडतात. संगणक सुरू होताच तारीख दुरुस्त करावी, नंतरच बिलाचा प्रोग्राम उघडावा.

सेटिंग पुसण्याची रीत

प्रथम संगणक बंद करून भिंतीतील बटण बंद करावे आणि पॉवरची वायर मागून काढून घ्यावी. मग कॅबिनेटचे चालू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. गालिच्यावर बसून किंवा नायलॉनच्या कपड्यांत हे काम करू नये.

काही मदरबोर्डांच्या मागील बाजूस सेटिंग पुसण्याचे स्वतंत्र बटण असते. ते असेल तर पुस्तकात दिल्याप्रमाणे दाबावे. नसेल तर मदरबोर्डवर दोन किंवा तीन पिनांचा जोड शोधावा. त्याच्याजवळ सीएलआर-सीएमओएस, सीएलआरटीसी किंवा जेबॅट-१ यांसारखी अक्षरे छापलेली असतात. दोन पिना असतील तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या दहा सेकंद एकमेकींना जोडून ठेवाव्यात. तीन पिना असतील तर टोपी काढून दुसऱ्या जोडीवर दहा सेकंद बसवावी आणि आठवणीने पहिल्या जागी परत ठेवावी. टोपी चुकीच्या जागी राहिली तर संगणक सुरू होत नाही आणि विनाकारण नवा घोळ होतो. पिनांची जागा पुस्तकातील आकृतीवरून पक्की केल्याशिवाय कोणत्याही दोन पिना जोडू नयेत.

पिना सापडत नसतील तर गोल सेल हलकेच काढावा, पाच-दहा मिनिटे थांबावे आणि लिहिलेली बाजू वर ठेवून पुन्हा बसवावा. वायर लावलेली असताना सेल काढून उपयोग होत नाही, कारण तेव्हा मदरबोर्डला वीज मिळतच असते. सेल जुना झाला असेल तर याच वेळी नवा टाकावा. मीटरवर तो २.७ व्होल्टच्या खाली दिसला तर त्याचे आयुष्य संपत आले असे समजावे.

आता वायर लावून संगणक चालू करावा आणि पुन्हा दहा-पंधरा मिनिटे वाट पाहावी. बहुतेक संगणक या टप्प्यावर सुरू होतात. पडदा आला की डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये जावे, मूळ सेटिंग भरावे, तारीख दुरुस्त करावी आणि एक्सएमपी बंद आहे याची खात्री करून बाहेर पडावे.

तरीही पडदा काळाच असेल तर

पुन्हा वायर काढावी आणि मेमरीच्या सर्व पट्ट्या काढून एकच पट्टी ठेवावी. चार स्लॉट असलेल्या बहुतेक मदरबोर्डांवर एका पट्टीची जागा प्रोसेसरकडून मोजल्यास दुसरा स्लॉट ही असते. पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी दाबावी आणि कुलपाचा आवाज आल्याची खात्री करावी. अर्धवट बसलेली पट्टी हे अशा तक्रारींचे फार साधे कारण आहे. एका पट्टीने चालले नाही तर दुसरी लावून पाहावी, नंतर स्लॉट बदलून पाहावा. पट्टी एकच पण दोन्ही स्लॉटमध्ये बंद, तर पट्टीवर संशय घ्यावा. दोन्ही पट्ट्या एका स्लॉटमध्ये बंद आणि दुसऱ्यात चालू, तर स्लॉटवर.

आपल्याकडे पट्टी काढून खोडरबराने घासण्याची रीत आहे. सोनेरी पट्ट्यांवर मळ असेल तर तिचा उपयोग होतो. जोराने घासू नये आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नये. परंतु दोष सेटिंगचा असेल तर नुसते घासून तो जात नाही. घासल्यावर संगणक सुरू झाला तर पट्टी काढून घालण्याने मदरबोर्डने जुळणी नव्याने केली, हेही कारण असू शकते.

मैत्रीतल्या एखाद्या दुकानदाराकडून साध्या वेगाची त्याच जातीची एक पट्टी मिळाली तर ती लावून पाहावी. मेमरी बदललेली दिसताच अनेक मदरबोर्ड जुने सेटिंग सोडून साध्या वेगाने चालू होतात. डीडीआर-४ च्या जागी डीडीआर-५ बसत नाही, खाच वेगळी असते, म्हणून बळ करू नये.

काम करताना हात लागून प्रोसेसरची चार किंवा आठ पिनांची वीज-वायर सैल झाली नाही ना, हेही पाहावे. मदरबोर्डवर बायोस फ्लॅशबॅकचे बटण असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचा बायोस पेनड्राइव्हवर घेऊन तो नव्याने भरता येतो. हे काम चालू असताना वीज गेली तर बायोस अर्धवट राहतो, म्हणून यूपीएस असल्याशिवाय ते करू नये.

इतके करूनही काही झाले नाही तरच भाग खराब झाल्याचा विचार करावा. वेगाबरोबर व्होल्टेज हाताने बरेच वाढविले असेल तर भाग खरोखर जळू शकतो. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर, विशेषतः एक्स-३डी प्रकारचे, जळाल्याच्या तक्रारी जगभर आल्या. मेमरीचे एक्सपो सेटिंग चालू केल्यावर काही मदरबोर्ड प्रोसेसरच्या एसओसी भागाचे व्होल्टेज प्रमाणाबाहेर वाढवीत होते. त्यानंतर एएमडीने हे व्होल्टेज १.३ च्या आत ठेवणारे बदल मदरबोर्ड कंपन्यांना दिले. त्या मालिकेचा संगणक ज्यांच्याकडे आहे आणि २०२३ पासून ज्यांनी बायोस बदललेला नाही, त्यांनी एक्सपोला हात लावण्यापूर्वी बायोस अद्ययावत करावा.

सुरू झाला म्हणजे सर्व ठीक आहे का?

येथे व्यापाऱ्याने सर्वांत जास्त सावध राहावे. न झेपणाऱ्या वेगाची मेमरी संगणक बंद पाडते तेव्हा निदान दोष दिसतो. त्याहून वाईट प्रकार म्हणजे संगणक चालू राहतो आणि अधूनमधून एखादा आकडा चुकीचा लिहितो. आपल्या साध्या संगणकातील मेमरीत अशी चूक पकडण्याची सोय नसते. डीडीआर-५ च्या चिपमध्ये थोडी दुरुस्तीची सोय आहे, पण ती चिपच्या आतल्यापुरती. चिप आणि प्रोसेसर यांच्यामधील वाटेवर झालेली चूक तिला कळत नाही. अशी चूक हिशेबाच्या फाइलीत शिरली तर उधारीची नोंद बिघडते, एम्ब्रॉयडरीची डिझाइन फाइल उघडत नाही, विंडोजची स्वतःची फाइल खराब होते. देण्याघेण्याचा व्यवहार लेखी ठेवण्याची ताकीद आपल्या धर्माने दिली आहे. ज्या वहीतील आकडे मालकाला न कळता बदलू शकतात, त्या वहीवर कोणाचे देणे ठरवायचे?

म्हणून संगणक साध्या वेगावर सुरू होताच पहिले काम म्हणजे हिशेबाची आणि डिझाइनची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. जुन्या चांगल्या बॅकअपवर ही नवी प्रत चढवू नये, ती वेगळी ठेवावी. वेग वाढविल्याच्या दिवसापासूनची बिले आणि उधारीच्या नोंदी छापील बिलांशी ताडून पाहाव्यात.

दुसरे काम मेमरीच्या चाचणीचे. विंडोजमध्ये मेमरी डायग्नोस्टिक नावाची सोय आहे, पण ती वरवरची चाचणी होय. मेमटेस्ट ८६ प्लस हा मोफत मिळणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून संगणक सुरू करावा आणि दुकान बंद केल्यावर रात्रभर चालू ठेवावा. सकाळी चुकांचा आकडा शून्य असला पाहिजे. एक जरी चूक दिसली तरी ती मेमरी त्या सेटिंगवर कामाची नाही.

तिसरे काम विंडोजचे. मेमरीची तपासणी पार पडते, कंपनीचे चिन्ह दिसते, पण विंडोज निळा पडदा दाखवून थांबते, असे असेल तर फाइली बिघडल्याची शक्यता आहे. आधी मेमरी साध्या वेगावर असल्याची खात्री करून मगच विंडोजच्या दुरुस्तीच्या मेनूतून स्टार्टअप रिपेअर चालवावे आणि नंतर एसएफसी स्कॅननाऊ ही आज्ञा द्यावी. मेमरी सदोष असताना विंडोज दुरुस्त करायला गेल्यास दुरुस्त होणारी फाइलही बिघडते.

वेग वाढविण्याचा फायदा किती?

बिलाचा प्रोग्राम, पत्रिकेचे डीटीपी, एम्ब्रॉयडरीचे पंचिंग या कामांत मेमरीचा वेग २६६६ वरून ३२०० केला तर हाताला फरक जाणवत नाही. आकड्यांच्या मोहात पडण्यापूर्वी एक हिशेब करावा. ३२०० वेगाची सीएल १६ मेमरी पहिला प्रतिसाद १० नॅनोसेकंदांत देते. ३६०० वेगाची सीएल १८ मेमरीही १० नॅनोसेकंदच घेते.

याउलट साधा, सुरक्षित फायदा दुसरीकडे आहे. १६ जीबीच्या एका पट्टीऐवजी ८ जीबीच्या दोन पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये लावल्या तर माहितीचा रस्ता दुप्पट रुंद होतो. ३२०० वेगाच्या एका रस्त्याची क्षमता सेकंदाला २५.६ जीबी, तर दोन रस्त्यांची ५१.२ जीबी होते. यात ओव्हरक्लॉकिंग काही नाही. व्हिडिओ एडिट करणाऱ्याने मेमरीचे प्रमाण वाढवावे आणि जुनी हार्डडिस्क असेल तर एसएसडी लावावी. वेगळे ग्राफिक कार्ड नसलेल्या संगणकांत मेमरीच्या वेगाचा खरा उपयोग होतो, पण तेथेही मान्य मर्यादेपर्यंतचा वेग आधी वापरावा.

तरीही वेग वाढवायचाच असेल तर काही पथ्ये पाळावीत. मदरबोर्डला परवानगी आहे का ते पाहावे. इंटेलच्या एच-५१० आणि एच-६१० चिपसेटवर मेमरी ओव्हरक्लॉक करण्याची मुभा नाही, तर बी मालिकेत ती २०२१ च्या बी-५६० पासून मिळाली. मदरबोर्ड कंपनीने तपासलेल्या मेमरीच्या यादीत आपले मॉडेल आहे का ते पाहावे. दोन निरनिराळ्या पाकिटांतील पट्ट्या एकत्र करू नयेत. चार पट्ट्या लावल्यास वेग कमी धरावा. रायझन ७००० साठी एएमडीने दोन पट्ट्यांना ५२०० आणि चार पट्ट्यांना फक्त ३६०० इतकाच वेग मान्य केला आहे. एका वेळी एकच सेटिंग बदलावे आणि रात्रभर चाचणी घ्यावी. थंडीत टिकलेले सेटिंग मे महिन्याच्या उकाड्यात पत्र्याच्या छपराखाली टिकेलच असे नाही, कारण उष्णता वाढली की मेमरीची माहिती धरून ठेवण्याची शक्ती कमी होते. हंगाम ऐन भरात असताना हा प्रयोग मुळीच करू नये.

दुरुस्ती करणाऱ्या बांधवांना

आपल्यातील बरेच तरुण संगणक दुरुस्तीच्या धंद्यात आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि गावोगावच्या छोट्या गाळ्यांत ते राबतात. त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते. २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव जगभर कडाडले, तेव्हा चांगली पट्टी खराब ठरविण्याचा मोहही महाग झाला. पिना जोडून संगणक दहा मिनिटांत सुरू झाला तर तसे सांगून तपासणीची आणि मेहनतीची रास्त मजुरी घ्यावी. ज्ञानाची मजुरी घेण्यात संकोच नको. मात्र न बदललेल्या मदरबोर्डचे पैसे घेणे हलाल कमाईत बसत नाही. तसेच जुना संगणक विकताना मेमरी वाढीव वेगावर चालविली असेल तर ती मूळ वेगावर आणून, रात्रभर तपासून, गिऱ्हाइकाला तसे सांगून विकावी. बाजारातील धान्याच्या ढिगात हात घालून आतील ओल दाखवून देणाऱ्या प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीत मालाचा ऐब लपविण्याला जागा नाही. यंत्राचा ऐबही त्याला अपवाद नाही.

शेवटी एक सूचना. प्रत्येक दुकानदाराने एका कागदावर मदरबोर्डचे मॉडेल, मेमरीचे पाकिटावरील आकडे, डिस्कची पद्धत, सेटिंग पुसण्याच्या पिनांची जागा आणि वेग कधी कोणी बदलला ते लिहून तो कॅबिनेटच्या आतील बाजूस चिकटवावा. बिटलॉकरची की मात्र घरी, महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी. हंगामात संगणक अडला तर याच कागदामुळे अर्ध्या तासात काम पुन्हा सुरू करता येईल, इन्शाअल्लाह.